होडीचा मळ आणि खाडीचे पाणी

काही वर्षांपूर्वी उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात आम्ही सेवेस होतो. वस्ती बव्हंशी कोळी बांधवांची. पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठली की नव्या हंगामाची मिस्सा व्हावी आणि त्यानंतर सर्वांनी बंदरावर जाऊन होड्यांना आशीर्वाद मागावा, असा तेथील जुना परिपाठ होता. त्या वर्षी आमच्या मनात आले की, आशीर्वादासाठी उभी केलेली होडी निदान स्वच्छ तरी असावी. म्हणून आदल्या रविवारी आम्ही जाहीर करून टाकले : जी होडी सर्वांत स्वच्छ, तिला बक्षीस!

तरुण मंडळी हुरूपाने कामाला लागली. लहान होड्या बहुतेक फायबरच्या. वर्षभराचे इंजिनाचे काळे वंगण, डिझेलचे ओघळ आणि बंदरातल्या पाण्याची तेलकट काजळी त्यांच्या अंगावर थरावर थर बसलेली. कोणी डिझेलचाच बोळा फिरवून ती काजळी काढली, कोणी कॉस्टिक सोड्याचे पाणी ओतले, कोणी तारेचा ब्रश हाती घेतला. दिवस मावळेपर्यंत होड्या लखलखू लागल्या. आम्ही धक्क्यावर उभे राहून मोठ्या समाधानाने ते पाहत होतो.

तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी खडकांवरील कालवे काढून विकणारी एक वृद्ध माउली आमच्याजवळ आली. ती रागावलेली नव्हती. एवढेच म्हणाली, "फादर, होड्या चकचकीत झाल्या, बरं झालं. पण हा सगळा मळ गेला कुठं, तेवढं बघा."

आम्ही खाली पाहिले. ओहोटीच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरला होता आणि तो हळूहळू तिच्या खडकांच्या दिशेने सरकत होता.

त्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे सवड मिळेल तसे आम्ही जहाजांच्या इतिहासाची पाने चाळू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. होडीचे पोट स्वच्छ कसे ठेवावे, हा प्रश्न माणसाने पाण्यात होडी लोटली तेव्हापासूनचा आहे आणि त्याची उत्तरेही त्याने नाना प्रकारे शोधली. परंतु निघालेला मळ जातो कुठे, हे विचारायला मात्र त्याला फार उशीर लागला. तीच कहाणी आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

लाकडी जहाजाला मुख्य शत्रू दोन. पहिला, लाकूड पोखरणारा तेरेदो हा सागरी जीव. रूपाने तो किड्यासारखा दिसतो, पण जातीने शिंपल्यांचा भाईबंद आहे. दुसरा शत्रू म्हणजे पाण्याखालच्या भागाला चिकटणारे शेवाळ, शिंपले आणि बार्नाकल नावाचे टणक कवचाचे जीव. यांचे लेप चढले की जहाज जड होते, त्याचा वेग मंदावतो आणि वल्ही मारणाऱ्याचे खांदे भरून येतात. आज वल्ह्याची जागा इंजिनाने घेतली आहे, तेव्हा खांद्याऐवजी डिझेलचा खर्च वाढतो, इतकाच फरक.

यावर प्राचीन काळी पहिला उपाय होता तो लेपाचा. नोहाच्या तारवाला आतून-बाहेरून डांबर लावावे, अशी आज्ञा उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, हे आपण सर्वांनी वाचलेले आहेच. अरबी समुद्राच्या परिसरात या कामी तेलाचा वापर होई. स्पेनमधून मक्केच्या यात्रेला निघालेला इब्न जुबैर हा प्रवासी ११८३ साली तांबड्या समुद्राच्या काठी ऐधाब बंदरात पोहोचला. तेथील जहाजांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून नारळाच्या काथ्याने शिवलेल्या होत्या, असे तो नोंदवतो. त्या जहाजांना तूप, एरंडेल किंवा मोरी माशाचे तेल चोपडत आणि तिन्हींत मोरीचे तेल उत्तम मानले जाई. त्या जहाजांचे लाकूड भारतातून व येमेनमधून येत असे, हेही तो सांगायला विसरत नाही. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने भारताकडे येणाऱ्या मोठ्या व्यापारी जहाजांचे वर्णन केले. त्यांच्या अंगाला चुना, बारीक कापलेला ताग आणि झाडाचे तेल एकत्र कुटून केलेला चिकट लेप देत, असे तो लिहितो. चुना आणि तेल यांचा असा लेप आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही दीर्घकाळ वापरात होता.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. त्या काळी तेल हे होडीचे औषध होते. आज तेच तिचा मळ झाले आहे. माशाचे किंवा झाडाचे तेल पाण्यात गेले, तरी ते सजीवांपासूनच आलेले. बेताच्या प्रमाणात असेल तर समुद्र ते पचवी. यंत्रातून निघालेल्या काळ्या वंगणाचे तसे नाही. त्यात धातूंचे सूक्ष्म कण आणि जळालेल्या इंधनाचे विषारी अवशेष मिसळलेले असतात. 'तेल' हा शब्द एकच राहिला, पण वस्तू पालटली. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या होडीला तेल चोळले, त्यांच्या नातवंडांना पाण्यातील तेलाचे भय चटकन वाटत नाही, यात नवल ते काय?

दुसरा उपाय धातूच्या पत्र्याचा. रोमन लोकांनी काही जहाजांना शिशाचे पत्रे ठोकले होते. परंतु खरी क्रांती केली ती तांब्याने. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्यांनी मढवला आणि तिला वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात पाठवले. ती परतली तेव्हा तेरेदोने तिला स्पर्शही केला नव्हता आणि तळाला शेवाळही फारसे नव्हते. मात्र जेथे तांबे लोखंडी खिळ्यांना भिडले होते, तेथे खिळे गंजून खंगले होते. पुढे खिळ्यांचा हा प्रश्न सोडवीत १७८० च्या सुमारास जवळजवळ सर्व ब्रिटिश आरमाराला तांबे चढले.

हे तांबे तळ स्वच्छ कसे ठेवते? याचे उत्तर एका फसलेल्या प्रयोगाने दिले. खाणकामगारांसाठी सुरक्षादीप बनवणारे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्याकडे आरमाराने तक्रार नेली की, तांबे समुद्रात झिजते व खर्च वाढतो. डेव्ही यांनी १८२४ साली तोडगा सुचवला : तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडावेत, ते तुकडे झिजतील आणि तांबे वाचेल. तांबे खरोखरच वाचले. पण जहाजे बंदरात परतली ती शेवाळ आणि बार्नाकलांनी लगडून! तेव्हा उमगले की, तांबे झिजत होते म्हणूनच तळ स्वच्छ राहत होता. झिजलेले तांबे पाण्यात विरघळे आणि त्याच्या विषाने चिकटू पाहणारे जीव मरत किंवा दूर राहत. तळाची स्वच्छता ही पाण्याच्या जिवावर मिळालेली होती. शास्त्रज्ञांना हे कळले, परंतु समुद्र अफाट आहे, एवढ्याशा तांब्याने त्याचे काय बिघडणार, असे मानून जग पुढे गेले.

आपल्या मुंबईच्या गोदीतही याच काळात सागवानी जहाजे बांधली जात होती. सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने तेथे पिढ्यानपिढ्या हे काम केले. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. मलबारी सागाचा टिकाऊपणा आणि त्याची नीट राखलेली निगा यांची ती चालतीबोलती साक्ष आहे.

विसाव्या शतकात लाकडाची जागा घेणारी नवी वस्तू आली, ती काचेच्या तंतूंची. १९३२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात एका काचकारखान्याच्या संशोधकांना वितळलेल्या काचेवर हवेचा झोत सोडून अत्यंत बारीक धागे काढण्याची युक्ती जवळजवळ अपघातानेच सापडली. १९३८ साली या धाग्यांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. हे धागे कृत्रिम राळेत बसवले की ते पोलादासारखे बळकट आणि तरीही हलके होतात. १९४२ साली त्याच राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी या मिश्रणाची होडी बनवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा सर्वत्र प्रसार झाला. या होडीत तेरेदो शिरू शकत नाही, तिच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठोकावा लागत नाही, ती कुजत नाही. आपल्या देशात लाकूड दुर्मीळ व महाग होत गेले, तसतशी फायबरची होडी किनाऱ्याकिनाऱ्यावर आली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून अशा होड्या इतक्या मोठ्या संख्येने वाटण्यात आल्या की, त्यांच्या दर्जाविषयी जाणकारांना चिंता वाटू लागली.

फायबरची होडी कुजत नसली, तरी शेवाळ आणि बार्नाकल तिलाही सोडत नाहीत. त्यावर रसायनशास्त्राने जालीम उपाय काढला : ट्रायब्यूटिल टिन नावाचे कथिलाचे संयुग मिसळलेला रंग. १९६० नंतरच्या दशकांत जगभर हा रंग वापरात आला. तळ वर्षानुवर्षे नितळ राहू लागले आणि सर्वांना धन्यता वाटली. परंतु फ्रान्समध्ये आर्काशों नावाचा एक उपसागर आहे. तेथील लोकांचा पिढीजात व्यवसाय कालवांची शेती. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे विपरीत घडू लागले. कालवांची पिल्ले जगेनात आणि मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी, जाड, पोकळ थरांची होऊ लागली. शेकडो कुटुंबांची चूल थंडावण्याची वेळ आली. शोध घेता घेता बोट त्याच उपसागरात नांगरलेल्या हौशी लोकांच्या नौकांकडे वळले. त्यांच्या तळांचा रंग अत्यल्प प्रमाणात पाण्यात झिरपत होता आणि तेवढे अत्यल्प विषही कालवांना पुरेसे होते. फ्रान्सने १९८२ साली २५ मीटरपेक्षा लहान नौकांना हा रंग लावण्यास मनाई केली. ब्रिटनने १९८७ साली तोच मार्ग धरला. सर्व जगासाठीचा करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. आर्काशोंच्या पाण्यात फ्रान्सच्या मनाईनंतर कालवे पुन्हा वाढू लागली.

ही हकिकत वाचताना आमच्या डोळ्यांपुढे खडकावर वाकलेली ती माउली उभी राहिली. आर्काशोंच्या कालवेवाल्यांनी जो प्रश्न विचारला, तोच तिने आम्हांस विचारला होता.

आता वळू तेलाच्या मळाकडे, कारण आमच्या बंदरावरचा प्रसंग त्याचाच होता. १८ मार्च १९६७ रोजी 'टोरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील खडकांवर आदळले. त्यात सुमारे १ लाख २० हजार टन कच्चे तेल होते. कॉर्नवॉलचे किनारे काळे पडले. ते लवकर स्वच्छ व्हावेत म्हणून सरकारने सुमारे १० हजार टन द्रव साबणी रसायने समुद्रावर आणि खडकांवर ओतली. ही रसायने मुळात जहाजांच्या टाक्या आणि इंजिनघरे यांतील वंगण काढण्यासाठी केलेली होती. खडक दिसायला स्वच्छ झाले. पण नंतरच्या पाहणीत आढळले की, त्या रसायनांनी तेलापेक्षाही अधिक जीव मारले होते. जेथे तेल तसेच राहू दिले, त्या खडकांवरचे जीवन दोन-तीन वर्षांत बरेचसे सावरले. जेथे रसायनांचा मारा झाला, तेथे दहा वर्षांहून अधिक काळ लागला. तेल नाहीसे झालेले नव्हते. त्याचे बारीक कण होऊन ते पाण्यात खोलवर मिसळले होते, म्हणजे डोळ्यांआड झाले होते, इतकेच.

आपल्या किनाऱ्यालाही याचा अनुभव आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन इंधनतेल समुद्रात सांडले. मासळी खाऊ नये, असे लोकांना सांगावे लागले आणि हंगामाच्या तोंडावर कोळी कुटुंबांच्या टोपल्या भरलेल्याच राहिल्या. त्या वेळी आपण सर्वांनी मोठ्या जहाजांना दोष दिला आणि तो योग्यच होता. पण मोठ्या जहाजांच्या बाबतीत निदान नियम तरी आहेत. जहाजाच्या यंत्रघरातील पाणी गाळून, त्यात तेलाचे प्रमाण दहा लाखांत १५ भागांहून अधिक नसेल तरच ते समुद्रात सोडता येते, असे आंतरराष्ट्रीय कराराने ठरवले आहे. आपल्या लहान होडीच्या पोटात साठलेले तेलकट पाणी कोण मोजतो? ते आपणच मोजायचे, आपणच अडवायचे.

मग होडी धुवायचीच नाही काय? अवश्य धुवावी, पण कशी, हे जाणून. फायबरच्या होडीचे सर्वांत वरचे आवरण म्हणजे जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, आणि होडीची चकाकी व पाण्यापासूनचा बचाव त्यावर अवलंबून. तारेच्या ब्रशाने किंवा वाळूने घासले की त्यावर बारीक चरे पडतात आणि पुढच्या खेपेस मळ त्याच चऱ्यांत अधिक घट्ट बसतो. कॉस्टिक आणि थिनर यांनी चकाकी मरते. आमच्या त्या स्पर्धेत पहिली आलेली होडी पुढच्याच वर्षी सर्वांत मळकट व फिकी दिसत होती, ती यामुळेच. आम्ही बक्षीस दिले होते ते तिच्या नुकसानीला!

योग्य रीत अशी आहे. होडी पाण्यात किंवा भरतीरेषेच्या आत धुऊ नये. वर कोरड्या जागी ओढून घ्यावी आणि खाली जाड कापड वा ताडपत्री अंथरावी. पाणी लावण्यापूर्वीच ओले वंगण लाकडाचा भुसा व जुनी सुती फडकी यांनी टिपून घ्यावे. निम्म्याहून अधिक काम येथेच होते, आणि हाच मळ आपल्या हाती राहतो. ती फडकी व तो भुसा वेगळ्या पिंपात ठेवावा, उन्हात ढीग करून ठेवू नये, कारण तेलकट चिंध्या पेट घेऊ शकतात. त्यानंतर गोड्या पाण्यात सौम्य साबण मिसळून मऊ ब्रशाने खालून वर धुवावे, म्हणजे कोरड्या भागावर मळक्या पाण्याचे ओघळ वाळून बसत नाहीत. शेवटी मात्र वरून खाली थोडक्या पाण्याने निथळून घ्यावे. पाण्याच्या रेषेवर जो पिवळट-तपकिरी डाग राहतो, तो ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने जातो. हे आम्ल विषारी आहे; हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे आणि त्यात ब्लीचिंग पावडर कदापि मिसळू नये. होडी सुकल्यावर तिच्यावर मेणाचा हात फिरवावा. मेणाच्या थरावर वंगण घट्ट बसत नाही आणि पुढची धुणी नुसत्या फडक्याने होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिनाखाली एक पसरट भांडे ठेवावे, म्हणजे ठिबकणारे तेल होडीच्या पोटात पसरतच नाही. इंजिनाचे बदललेले तेल मात्र अधिकृतपणे त्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बक्षीस जाहीर केले, पण अट बदलली. होडी किती चकाकते हे न पाहता, तिच्या मालकाने किती मळ पिंपात आणून दिला, हे पाहायचे ठरवले. काहींनी थट्टा केली, काहींनी नेहमीप्रमाणे डिझेलनेच होडी पुसली. सर्व गाव एका वर्षात बदलत नसते. तरी संध्याकाळपर्यंत धक्क्यावर काळ्या चिंध्यांनी भरलेली तीन पिंपे उभी राहिली. ती माउली तेथे आली, एकेका पिंपात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "एवढं सगळं माझ्या खडकावर येत होतं होय?"

आम्ही मान खाली घातली. त्यानंतर होड्यांना आशीर्वाद देताना पवित्र जलाचे थेंब आम्ही खाडीच्या पाण्यावरही शिंपडू लागलो. वाचकहो, या हंगामात आपल्यापैकी जे कोणी होडी धुतील, त्यांनी बादली उचलण्यापूर्वी त्या माउलीचा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.